वाचकांचे प्रश्न : रक्ताचा डाग, डीएनए आणि न्यायालय

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे रक्ताच्या डागांविषयी आणि डीएनए तपासणीविषयी बरीच पत्रे आली. त्यांतील काही विद्यार्थ्यांची आहेत, काही वकिलांची आहेत, आणि एक पत्र अशा घरातून आले आहे जिथे पुढची तारीख कधी, याखेरीज दुसरे बोलणेच उरलेले नाही. पत्रलेखकांची नावे व खटल्यांचे तपशील वगळून प्रश्न थोडक्यात दिले आहेत. चालू खटल्यावर मत देणे येथे शक्य नाही. तपासणी कशी होते आणि तिच्या उत्तराचा अर्थ कुठपर्यंत जातो, एवढेच मी सांगू शकतो.

माझा भाऊ एका गुन्ह्यात पंच होता. कोयत्याच्या मुठीवरचा डाग फिल्टर पेपरने टिपून त्यावर थेंब टाकले आणि कागद गुलाबी झाला, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. तरीही बचाव पक्षाचे वकील म्हणाले की एवढ्याने ते रक्त ठरत नाही. हे कसे? (एक वाचक, सांगली जिल्हा)

वकील योग्य तेच म्हणाले. तुमच्या भावाने पाहिली ती फिनॉल्फ्थॅलिनची चाचणी, जिला कॅसल-मायर चाचणी असेही म्हणतात. रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये हीम नावाचा लोहयुक्त भाग असतो आणि तो हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने रंगहीन फिनॉल्फ्थॅलिनला गुलाबी करतो. मात्र हे काम करणारे हीम हे एकटेच नाही. मुळा, बटाटा यांसारख्या वनस्पतींतील काही विकरे तेच करतात, आणि तांब्याच्या क्षारांनीही असाच रंग येऊ शकतो. ज्या कोयत्याने काल भाजी किंवा चारा कापला असेल त्याच्या मुठीबाबत ही शंका काल्पनिक म्हणता येत नाही. अनुभवी तपासनीस म्हणूनच पेरॉक्साइड शेवटी टाकतो. त्याआधीच रंग आला तर ती चाचणी तो बाद धरतो.

या चाचणीचे खरे मोल तिच्या नकारात आहे. खोलीत पन्नास तांबूस डाग असतील तर त्यांतले कोणते उचलायचे आणि कोणते सोडायचे, हे ती मिनिटभरात सांगते. अंधारात निळा उजेड देणाऱ्या ल्युमिनॉलचेही तसेच आहे. जर्मनीत १९३७ साली वाल्टर श्पेख्त यांनी त्याचा गुन्हे-तपासातील उपयोग दाखवून दिला. पण ते ब्लीचिंगच्या द्रवानेही उजळते, त्यामुळे फरशी चमकली म्हणून तिथे खून झाला, असे कोणीही म्हणू नये.

डाग रक्ताचाच आहे हे ठरवण्यासाठी पुढची पायरी लागते. पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली ताकायामा चाचणीचे गुलाबी स्फटिक पाहिले जात. ते दिसले की रक्त निश्चित होई. परंतु ते माणसाचे की बोकडाचे, हा प्रश्न तसाच राही. त्याचे उत्तर १९०१ साली पॉल उलेनहूथ या जर्मन वैज्ञानिकाने दिले. सशाला माणसाचे रक्तद्रव्य टोचल्यावर सशाच्या रक्तात जी प्रतिपिंडे तयार होतात, ती माणसाच्या रक्ताशी मिसळली की साका बसतो आणि इतर प्राण्यांच्या रक्ताशी बसत नाही, असे त्यांनी दाखवले. त्याच वर्षी र्‍यूगेन बेटावर दोन लहान भावांचा खून झाला. संशयित सुतार म्हणत होता की कपड्यांवरचे डाग लाकडाच्या रंगाचे आहेत. उलेनहूथ यांनी त्या कपड्यांवर माणसाचे रक्त आणि मेंढीचे रक्त वेगवेगळे ओळखून दाखवले. आपल्याकडे ‘घरी कोंबडी कापली होती’ हा खुलासा आजही होतो, आणि तो कधी कधी खराही असतो, म्हणून ही पायरी गाळून चालत नाही. आता हे काम मानवी हिमोग्लोबिन ओळखणाऱ्या छोट्या पट्टीवर होते, जी दिसायला गर्भधारणेच्या घरगुती चाचणीसारखी असते.

जुन्या निकालपत्रांत ‘आरोपीच्या कपड्यांवर मृताच्या गटाचे रक्त आढळले’ असे वाक्य वारंवार वाचले. रक्तगटाचा पुरावा आता निरुपयोगी झाला का? (कायद्याचा विद्यार्थी, लातूर)

कार्ल लँडश्टायनर यांनी व्हिएन्नामध्ये १९०१ साली रक्तगट मांडले, आणि १९१५ मध्ये इटलीच्या लिओने लात्तेस यांनी वाळलेल्या डागावरूनही गट ओळखण्याची रीत काढली. त्यानंतर कित्येक दशके जगभरातील न्यायालये याच पुराव्यावर चालली. त्याची मर्यादा मात्र पहिल्या दिवसापासून उघड होती. भारतात ‘ओ’ आणि ‘बी’ हे दोन्ही गट फार मोठ्या संख्येने आढळतात, ढोबळमानाने प्रत्येकी सुमारे एक तृतीयांश लोकांत. तेव्हा डाग ‘बी’ गटाचा निघाला आणि मृताचा गटही ‘बी’ असला, तर न्यायालयात बसलेल्या तीन माणसांपैकी एकाला तो डाग लागू पडतो. गट जुळला नाही तर मात्र तो डाग त्या माणसाचा नाही, हे ठामपणे म्हणता येत असे. वगळण्यासाठी रक्तगट बळकट होता आणि ओळख पटवण्यासाठी अगदी दुबळा.

इथे आपल्याच भूमीतील एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही व्यक्तींचे रक्त असे पाहिले की जे नेहमीच्या तपासणीत ‘ओ’ वाटे, पण खऱ्या ‘ओ’ रक्ताशीही जुळत नसे. ए आणि बी ही दोन्ही प्रतिजने, म्हणजे रक्तपेशींवरच्या गट ठरवणाऱ्या खुणा, ज्या ‘एच’ नावाच्या पायावर उभी राहतात, तो पायाच त्या रक्तात नव्हता. जगभर आज हा गट ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो. एखाद्याच्या जनुकांत ए किंवा बी असूनही त्याचे रक्त ‘ओ’ दिसू शकते, हे त्यामुळे उमगले, आणि केवळ गटावरून पितृत्व नाकारणे किती धोक्याचे आहे हेही कळले.

जुन्या सी. ए. रिपोर्टमध्ये, म्हणजे रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात, ‘मानवी रक्त, गट निश्चित करता आला नाही’ असा शेरा तुम्हाला पुष्कळ दिसेल. प्रयोगशाळेने कसूर केली, असा त्याचा अर्थ नेहमीच होत नाही. ओलाव्यात बुरशी आली की गटाची प्रतिजने बिघडतात आणि प्रामाणिक उत्तर तेवढेच उरते.

तांबड्या रक्तपेशींत केंद्रक नसते असे पुस्तकात आहे. मग रक्तातून डीएनए कसा मिळतो? (इयत्ता बारावी, अहिल्यानगर)

पांढऱ्या पेशींतून. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात आणि प्रत्येकीत सुमारे ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो. आजच्या तपासणीला अर्धा ते एक नॅनोग्रॅम (एक नॅनोग्रॅम म्हणजे हजार पिकोग्रॅम) डीएनए पुरतो, म्हणजे सुमारे पंचाहत्तर ते दीडशे पेशी. काढताना काही वाया जातो हे धरले, तरी टाचणीच्या डोक्याएवढा चांगला जपलेला डाग पुरेसा होतो. अडचण बहुधा वेगळीच येते : रक्तातील हीम आणि जीन्सच्या कापडातील निळा रंग हे दोन्ही पदार्थ डीएनएच्या प्रती काढण्याच्या अभिक्रियेत अडथळा आणतात, म्हणून आधी शुद्धीकरण नीट व्हावे लागते.

मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. पोलीस रुग्णाला किंवा आरोपीला घेऊन येतात तेव्हा रक्त घेणे, कपडे पाकिटात भरणे ही कामे आम्हीच करतो. याचे शिक्षण आम्हाला फारसे कोणी दिलेले नाही. नेमकी काळजी काय घ्यावी? (एक परिचारिका, यवतमाळ जिल्हा)

ताई, आलेल्या सर्व पत्रांत मला तुमचे पत्र सर्वांत महत्त्वाचे वाटले, कारण डीएनएचे खटले प्रयोगशाळेत हरण्याआधी बहुतेक वेळा पाकिटात हरलेले असतात. मुंबईत कालिन्याला किंवा नागपूर, पुणे, नाशिक येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत कितीही चांगले यंत्र असले, तरी तुमच्या हातून जे गेले तेच त्या यंत्रासमोर येते.

पहिली गोष्ट म्हणजे ओले कापड प्लास्टिकच्या पिशवीत कधीही भरू नये. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, जंतू वाढतात आणि ते डीएनएचे तुकडे करून टाकतात. कपडा स्वच्छ कागदावर, सावलीत, वारा लागेल असा पसरून पूर्ण वाळू द्यावा. उन्हात टाकू नये, कारण अतिनील किरणांनीही डीएनए बिघडतो. वाळल्यावर प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात जावा. शर्ट आणि पँट एकत्र गुंडाळली, तर एकावरचा डाग दुसऱ्यावर जातो आणि तो मुळात कुठे होता हे पुढे कोणालाही सांगता येत नाही. मृताचे कपडे आणि आरोपीचे कपडे एकाच टेबलावर, एकाच हातमोज्यांनी, एकापाठोपाठ हाताळणे ही तर अशी चूक आहे की ती नंतर कोणत्याही उपायाने दुरुस्त होत नाही. प्रत्येक वस्तूला नवे हातमोजे घालावेत, तोंडावर मास्क असावा, आणि पाकिटाची कड जिभेने ओली करून चिकटवू नये.

व्यक्तीचे रक्त घ्यायचे असेल तर ते ईडीटीएच्या, म्हणजे जांभळ्या टोपणाच्या नळीत घ्यावे आणि शीतकपाटात ठेवावे, पण गोठवू नये. डीएनए जपणारा खास कागद, म्हणजे एफटीए कार्ड, उपलब्ध असेल तर त्यावर थेंब टाकून वाळवणे अधिक सोपे, कारण वाळलेले कार्ड साध्या खोलीतही टिकते. त्या व्यक्तीला अलीकडे रक्त चढवले आहे का आणि तिचे अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले आहे का, हे विचारून फॉर्मवर जरूर लिहावे. प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या रक्तात दात्याचा डीएनए आढळतो आणि गालाच्या आतल्या पेशींत बहुधा दोघांचा, त्यामुळे ही एक नोंद राहून गेली तर निर्दोष दाता संशयित ठरू शकतो.

हाताळणीतील बारीक चूक कुठवर जाते, याचे एक उदाहरण जर्मनीतले आहे. २००७ साली हाइलब्रॉन शहरात एका तरुण महिला पोलिसाचा खून झाला आणि गाडीवर एका अज्ञात स्त्रीचा डीएनए सापडला. तोच डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधील सुमारे चाळीस गुन्ह्यांच्या ठिकाणी मिळत गेला. पोलिसांनी त्या स्त्रीचा वर्षानुवर्षे शोध घेतला. २००९ साली उलगडले की तो डीएनए नमुना टिपण्याच्या कापसाच्या काड्या बनवणाऱ्या कारखान्यातील एका कामगार स्त्रीचा होता. काड्या निर्जंतुक होत्या, पण निर्जंतुक म्हणजे डीएनएमुक्त नव्हे. तुमच्याकडे येणाऱ्या किटवर ‘डीएनए-मुक्त’ असा उल्लेख आहे का हे पाहण्याचे कारण हेच. त्याच पाकिटातील एक कोरी काडी नमुन्यासोबत वेगळी पाठवावी, म्हणजे दोष काडीत होता की डागात, हे प्रयोगशाळेला तपासता येते.

आता कागदपत्रांविषयी. पाकिटावर व्यक्तीचे नाव, गुन्हा क्रमांक, नमुना कोठून घेतला ते ठिकाण, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याची सही असावी. लाखेच्या सीलचा नमुना वेगळ्या कागदावर असावा. आणि पाकीट ज्या पोलीस कर्मचाऱ्याच्या हातात दिले त्याची पावती वेळेसह घ्यावी. हे केवळ कारकुनी काम आहे असे कृपया समजू नका. दिल्लीतील २०१२ च्या एका अपहरण, बलात्कार आणि खुनाच्या खटल्यात १४ आणि १६ फेब्रुवारीला घेतलेले नमुने २७ फेब्रुवारीला प्रयोगशाळेत गेले. मधल्या काळात ते पोलिसांच्या मालखान्यात होते. नमुन्यांत फेरफार झाल्याची शक्यता नाकारता येत नाही, तसेच डीएनए अहवालामागचा आधार आणि तंत्र योग्य रीतीने वापरले गेले का, हे खालच्या न्यायालयांनी तपासलेच नाही, या कारणांसह सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये फाशीची शिक्षा झालेल्या तिन्ही आरोपींना मुक्त केले. खरे गुन्हेगार तेच होते की नव्हते, हे आता पुराव्यावरून सांगता येणार नाही, आणि त्या मुलीच्या आईवडिलांना यापरते दुसरे कोणते दुःख असेल, मला कळत नाही.

जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतील एका खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या माणसाला मुक्त करताना सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी सूचना दिल्या. नमुना घेतल्यापासून ४८ तासांच्या आत तो प्रयोगशाळेकडे पोहोचावा. उशीर झाला तर कारण लिहून ठेवावे. खटला सुरू असताना न्यायालयाच्या परवानगीवाचून पाकीट उघडू किंवा पुन्हा सील करू नये. आणि नमुना कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची नोंदवही शेवटच्या निकालापर्यंत जपावी. तसेच १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे, जी राज्यांना टप्प्याटप्प्याने अमलात आणायची आहे. तज्ज्ञ घटनास्थळी पोहोचू लागले तरी रुग्णालयातील नमुना तुमच्याच हातून जाणार आहे, म्हणून आपल्या वैद्यकीय अधीक्षकांकडे प्रशिक्षणाची लेखी मागणी करा.

सरकारी वकील म्हणतात, ‘डीएनए जुळला, आता बोलायला काय उरले?’ खरोखरच काही उरत नाही का? (एक वकील, नांदेड)

पुष्कळ उरते, पण ते विचारण्यासाठी आधी ‘जुळला’ म्हणजे काय हे पाहावे लागेल. आपल्या गुणसूत्रांवर काही ठिकाणी चार-पाच अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. एका ठिकाणी तो आईकडून सात वेळा आणि वडिलांकडून नऊ वेळा आला असेल, तर त्या जागेची नोंद ‘७, ९’ अशी होते. अशा अनेक जागा एकत्र तपासतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय डीएनए नोंदसंग्रहासाठी १३ जागा तपासत, त्या २०१७ पासून २० झाल्या. सर्व जागा जुळल्या तर नात्याबाहेरच्या दुसऱ्या माणसात तोच संच योगायोगाने सापडण्याची शक्यता कोट्यवधींत एकाहूनही कमी निघते. एकरूप जुळे मात्र या तपासणीत एकच दिसतात. आणि केवळ वाय गुणसूत्र तपासले असेल, तर बाप, मुलगा, चुलता व चुलतभाऊ या सर्वांचा संच बहुधा सारखाच येतो, त्यामुळे भाऊबंदकीच्या खटल्यात अहवाल कोणत्या तपासणीचा आहे हे पहिल्या ओळीतच पाहावे.

दुसरी चूक तर्काची आहे. ‘निर्दोष माणसाचा डीएनए योगायोगाने जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक’ हे विधान आणि ‘हा माणूस निर्दोष असण्याची शक्यता दहा लाखांत एक’ हे विधान कानाला सारखे वाटले तरी त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिले विधान प्रयोगशाळा करू शकते. दुसरे ठरवायला इतर सर्व पुरावा लागतो आणि ते काम न्यायाधीशांचे आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. डीएनए फार तर ‘हे रक्त कोणाचे’ एवढे सांगतो. ते तिथे कसे आले आणि केव्हा आले, हे तो सांगत नाही. कॅलिफोर्नियात २०१२ साली एका उद्योजकाच्या खुनानंतर त्यांच्या नखांत एका बेघर माणसाचा डीएनए सापडला. तो माणूस त्या रात्री दारूच्या अंमलात रुग्णालयात पडून होता, याची नोंद पुढे मिळाली. ज्या रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांनी त्याला आधी उचलले होते, तेच काही तासांनी खुनाच्या ठिकाणी गेले होते. त्यांच्याबरोबरच त्याचा डीएनए तिथे गेला असावा, असा उलगडा झाला. तोवर त्याचे सुमारे पाच महिने तुरुंगात गेले होते.

म्हणून उलटतपासणी करताना एका ओळीच्या निष्कर्षावर थांबू नका. किती जागा तपासल्या, यंत्राने काढलेले मूळ आलेख कुठे आहेत, नमुना एकाचा होता की मिश्र, संभाव्यता कोणत्या लोकसंख्येच्या आकड्यांवरून काढली, कोरा नमुना चालवला होता का, हे विचारा. तज्ज्ञाला हे प्रश्न अपमानाचे वाटू नयेत; आपले काम नीट केलेल्या माणसाला त्यांची उत्तरे द्यायला आनंदच वाटतो.

एवढे सांगूनही मी या तंत्राचा कट्टर पक्षपाती आहे, आणि त्याला कारण आहे. इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज या वैज्ञानिकांना १० सप्टेंबर १९८४ रोजी डीएनएचा पहिला ठसा दिसला. दोनच वर्षांनी त्याच भागात दोन शाळकरी मुलींच्या खुनांचा तपास चालू होता आणि एका १७ वर्षांच्या मुलाने त्यांपैकी एका खुनाची कबुलीही दिली होती. जेफ्रीज यांनी दाखवले की दोन्ही गुन्हे एकाच पुरुषाचे आहेत आणि तो पुरुष हा मुलगा नव्हे. त्यानंतर सुमारे पाच हजार पुरुषांचे नमुने घेण्यात आले. कॉलिन पिचफोर्कने आपल्या जागी एका सहकाऱ्याला रक्त द्यायला पाठवले होते. ते बोलण्यातून बाहेर पडले आणि १९८८ साली त्याला जन्मठेप झाली. गुन्हे-तपासात या शास्त्राने केलेले पहिले मोठे काम एका निरपराधाला सोडवण्याचे होते, हे माझ्या मनातून कधी जात नाही.

डाग किती दिवसांचा आहे हे सांगता येते का? आणि भिंतीवरचे शिंतोडे पाहून घाव कुठून बसला, हे? (दोन वाचक, ठाणे व कोल्हापूर)

डागाचे वय न्यायालयात टिकेल इतक्या खात्रीने सांगणारी पद्धत आज वापरात नाही. तांबडा रंग तपकिरी होत जातो हे खरे, पण ऊन, दमट हवा आणि कापड यांनुसार त्याचा वेग बदलतो. शिंतोड्यांच्या आकारावरून थेंब कोणत्या कोनाने आदळला याचा अंदाज गणिताने काढता येतो. मात्र त्यापुढे जाऊन संपूर्ण घटना जशीच्या तशी उभी करणाऱ्या साक्षीकडे सावधपणे पाहावे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २००९ च्या अहवालाने या विश्लेषणातील अनिश्चितता प्रचंड असल्याचे स्पष्ट नोंदवले आहे.

माझ्या दिराला अटक होऊन वर्ष झाले. डीएनए अहवाल विरोधात आला आहे, पण ते घरी होते हे आम्हाला ठाऊक आहे. नमुना पुन्हा तपासून मिळतो का? (एक गृहिणी, मराठवाडा)

ताई, याचा अर्ज खटला चालवणाऱ्या न्यायालयातच करावा लागतो. प्रयोगशाळा किंवा पोलीस ठाणे स्वतःहून पाकीट उघडू शकत नाही. परवानगी देणे न्यायालयाच्या हाती आहे, म्हणून अर्जात ‘आम्हाला शंका आहे’ एवढेच न लिहिता शंकेचे नेमके कारण लिहिले जावे. वकिलांना प्रथम तीन गोष्टी मिळवायला सांगा : मुद्देमाल नोंदवहीचा उतारा, प्रयोगशाळेने पाकीट स्वीकारल्याची पोच, ज्यावर सील शाबूत होते का हे लिहिलेले असते, आणि अहवालामागचे आलेख. नमुना घेतल्याची तारीख आणि पोच मिळाल्याची तारीख यांत किती दिवस गेले, आणि त्या दिवसांत पाकीट कोणाकडे होते, हे वहीतून दिसते का ते पाहा. मूळ नमुन्याचा किंवा काढलेल्या डीएनएचा भाग शिल्लक आहे का, हे प्रयोगशाळेकडून न्यायालयामार्फत विचारता येते. शिल्लक असेल तर खटला संपेपर्यंत तो नष्ट करू नये, असा आदेश मागण्याचा अर्ज सर्वांत आधी द्यावा, कारण पुनर्तपासणीची परवानगी उशिरा मिळाली तरी चालते, पण नमुनाच राहिला नाही तर ती परवानगी कोणाच्याच उपयोगाची नाही.